सासूबाईंना देऊ केलेली रक्कम घ्यावी की नाकारावी?

कॉव्हेंट्रीहून लिहिणाऱ्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. त्यांच्या सासूबाई आयरिश असून आज ७९ वर्षांच्या आहेत. १९६५ मध्ये, लग्नाआधी दिवस गेले म्हणून, त्यांना आयर्लंडमधील एका माता-बालगृहात, म्हणजे अविवाहित मातांना बाळंतपणासाठी ठेवत त्या संस्थेत, ठेवण्यात आले. तेथे त्या चौदा महिने होत्या आणि तेथील धुलाईघरात त्यांनी विनामोबदला काम केले. जन्मलेली मुलगी अकरा महिन्यांची असताना दत्तक दिली गेली. या वर्षी आयर्लंड सरकारच्या भरपाई योजनेतून त्यांना एकूण २७,००० युरो, म्हणजे सुमारे २३,००० पौंड, देऊ करणारे पत्र आले आहे. मात्र त्यांचे घर कौन्सिलचे, म्हणजे ब्रिटनमधील स्थानिक प्रशासनाचे आहे, भाडे हाउसिंग बेनिफिट या सरकारी मदतीतून भरले जाते आणि आठवड्याला १८६.१० पौंड सरकारी पेन्शनच्या जोडीला त्यांना ४१ पौंड पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठीचा सरकारी पूरक भत्ता, मिळते. ‘१६,००० पौंडांवर बचत गेली की सगळे बंद होते’, असे ओळखीच्या कोणी सांगितल्यापासून सासूबाई ‘नकोतच ते पैसे’ म्हणत आहेत. त्यांच्या मुलाला, म्हणजे वाचक भगिनींच्या यजमानांना, वाटते की पैसे घ्यावेत आणि आपल्या घराच्या कर्जात भरावेत. वाचक भगिनींच्या नाशिकच्या भावाने भारतात मुदत ठेव करण्याचे सुचवले आहे.

माझे मत आधीच सांगतो. वकिलाचा सल्ला झाल्यानंतर, पत्रात दिलेल्या मुदतीत, सासूबाईंनी ही रक्कम स्वीकारावी. ती त्यांच्या एकटीच्या नावावरील खात्यातच यावी आणि तेथेच राहावी. पहिल्या वर्षभरात तिच्यातील बराच भाग त्यांनी स्वतःच्या गरजांवर खर्च करावा. आता यामागचा हिशेब पाहू, कारण भीती हिशेबातून निर्माण झाली आहे आणि तिचे उत्तरही हिशेबातच आहे.

१६,००० पौंडांची मर्यादा खरी आहे, पण ती युनिव्हर्सल क्रेडिटला (कामाच्या वयातील कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी भत्ता) लागू होते, आणि ज्यांना गॅरंटी क्रेडिट (पेन्शन क्रेडिटचा, उत्पन्न ठरावीक किमान रकमेपर्यंत भरून काढणारा भाग) मिळत नाही अशा लोकांच्या हाउसिंग बेनिफिटलाही लागू होते. पेन्शन क्रेडिटला बचतीची अशी वरची मर्यादाच नाही. तेथे १०,००० पौंडांपर्यंतची बचत पूर्णपणे सोडून दिली जाते आणि त्यापुढच्या प्रत्येक ५०० पौंडांमागे, किंवा त्याच्या भागामागे, आठवड्याला एक पौंड उत्पन्न मिळते असे धरले जाते. सासूबाईंची आधीची बचत तुम्ही ५,००० पौंड सांगितली आहे. त्यात २३,००० मिळवले की २८,००० होतात. १०,००० वजा केल्यावर उरलेल्या १८,००० वर आठवड्याला ३६ पौंडांचे मानीव उत्पन्न धरले जाईल. म्हणजे २२७.१० पौंडांच्या किमान हमीपर्यंत पोचवणारे त्यांचे ४१ पौंडांचे गॅरंटी क्रेडिट ५ पौंडांवर येईल.

हे पाच पौंड क्षुल्लक वाटतील, पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मौल्यवान रक्कम तीच आहे. ज्या व्यक्तीला गॅरंटी क्रेडिट मिळते, मग ते आठवड्याला एक पौंड का असेना, तिच्या हाउसिंग बेनिफिटसाठी आणि कौन्सिल टॅक्समधील सवलतीसाठी बचत मोजलीच जात नाही. पंचाहत्तरीपुढील व्यक्तीला टीव्हीचा परवानाही पेन्शन क्रेडिटमुळेच मोफत मिळतो. थोडक्यात, भाडे पूर्वीसारखेच भरले जाईल.

आणखी एक गोष्ट अनेक सल्लागारांच्याही नजरेतून सुटते. सासूबाईंचे पेन्शनचे वय ६ एप्रिल २०१६ च्या आधीच पूर्ण झाले असल्याने त्यांना सेव्हिंग्ज क्रेडिट, म्हणजे थोडे स्वतःचे उत्पन्न किंवा बचत असणाऱ्यांसाठीचा पेन्शन क्रेडिटचा दुसरा भाग, लागू होऊ शकते. आजवर ते मिळाले नाही, कारण त्यांचे उत्पन्न आठवड्याला १९८.२७ पौंडांच्या उंबरठ्याखाली होते. नव्या मानीव उत्पन्नासह ते २२२.१० होईल आणि उंबरठ्यावरच्या भागाच्या साठ टक्के, म्हणजे सुमारे १४.३० पौंड, त्यांना परत मिळतील. एकूण पेन्शन क्रेडिट ४१ वरून १९.३० पौंडांवर येईल, म्हणजे आठवड्याला २१.७० आणि वर्षाला सुमारे १,१३० पौंडांची घट होईल. तेवीस हजार पौंडांसमोर ही घट ठेवली, तर ती रक्कम अशा घटीने संपायला वीस वर्षे लागतील. तेव्हा ‘घेतले तर होते तेही जाईल’ ही भीती तुमच्या बाबतीत खरी नाही.

धोका दुसऱ्या ठिकाणी आहे. या आकड्यांनुसार एकूण बचत ३०,००० पौंडांवर गेली, की गॅरंटी क्रेडिट शून्य होईल आणि मग मात्र १६,००० ची मर्यादा हाउसिंग बेनिफिटला खरोखरच लागू होईल. म्हणजे सासूबाई कड्यापासून जेमतेम २,००० पौंड अलीकडे उभ्या असतील. रक्कम तशीच बँकेत पडून राहिली, तर व्याजानेच त्या दोन वर्षांत तेथे पोचू शकतील. एप्रिलमध्ये पेन्शन आणि किमान हमी हे दोन्ही आकडे बदलतात, तेव्हा पाच पौंडांचे अंतर कमीही होऊ शकते. म्हणून पहिल्या वर्षात बचत २०,००० पौंडांच्या आसपास आणण्याचा प्रयत्न करावा, असे मी सुचवतो.

असा खर्च नियमांविरुद्ध नाही. कर्ज फेडणे किंवा आपल्या परिस्थितीला साजेशा वस्तू व सेवा घेणे याला पेन्शन क्रेडिटचे नियम हरकत घेत नाहीत. दातांचे राहिलेले काम, चांगले श्रवणयंत्र, गुडघ्यांना मानवेल असा पलंग, न्हाणीघरातील आधाराचे दांडे, आयर्लंडचा एक निवांत प्रवास, असे सगळे त्यात बसते. स्वतःच्या अंत्यविधीसाठी आगाऊ योजना घेतली, तर तिचे मूल्यही बचतीत धरले जात नाही. ती घ्यायची झाल्यास वित्तीय नियामकाची मान्यता असलेल्या कंपनीकडूनच घ्यावी. पावत्या एका पाकिटात जपून ठेवाव्यात. रक्कम खात्यात आली की पेन्शन सेवेला, म्हणजे पेन्शन क्रेडिट देणाऱ्या सरकारी विभागाला, लगेच कळवावे. ते लपवणे हा एकच मार्ग असा आहे, ज्याने सासूबाईंचे खरोखर नुकसान होईल.

नियम मात्र येथेच बदलू शकतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या अशा स्त्रियांची ही अडचण ब्रिटिश संसदेपर्यंत पोचली आहे. मजूर पक्षाचे खासदार लिअम कॉनलन यांनी २०२५ मध्ये यासाठी विधेयक मांडले. ही भरपाई उत्पन्नाधारित लाभांच्या हिशेबातून वगळावी, अशी त्यात मागणी आहे. शॉन रॉस ॲबी येथील माता-बालगृहात असताना जिचा मुलगा दत्तक देण्यात आला, त्या फिलोमीना ली यांच्या नावाने हे विधेयक ओळखले जाते. हे उत्तर मी सप्टेंबर २०२५ मध्ये लिहीत आहे आणि वरचे आकडे २०२५-२६ च्या दरांचे आहेत. विधेयकाचा कायदा झाला, तर वरील सारा हिशेब गैरलागू ठरेल आणि मला त्याचा मनापासून आनंद होईल. पण त्याची वाट पाहत पत्रातील मुदत मात्र जाऊ देऊ नका.

आता स्वीकाराच्या कागदाविषयी. ही रक्कम घेताना सासूबाईंना या प्रकरणी आयर्लंडच्या राज्यसंस्थेवर दावा करण्याचा हक्क सोडत असल्याचे लिहून द्यावे लागेल. सही करण्यापूर्वी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेता यावा म्हणून योजनेतूनच ५०० युरोंची मदत मिळते. ती घ्यावी आणि वकिलाशी बोलणे सासूबाईंनी स्वतः, शक्य तर खोलीत दुसरे कोणी नसताना करावे. ज्या स्त्रीबाबत एकोणिसाव्या वर्षी तिला न विचारता सगळे ठरवले गेले, तिच्या एकोणऐंशीव्या वर्षी पुन्हा तसेच होऊ नये. तुम्ही आणि तुमचे यजमान तिच्या भल्यासाठीच बोलत आहात याबद्दल मला शंका नाही, तरीही हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

त्या ‘नकोत ते पैसे’ म्हणतात त्याचे कारण केवळ बेनिफिटची भीती हेच असेल, असे मी गृहीत धरत नाही. या संस्थांच्या चौकशी आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. त्याने १४ माता-बालगृहे आणि ४ परगणा-गृहे (निराधारांसाठीची सरकारी गृहे) तपासली. तेथे सुमारे ५६,००० अविवाहित माता राहिल्याचे आणि सुमारे ९,००० बालकांचा मृत्यू झाल्याचे त्या अहवालात नोंदले गेले. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान मिहॉल मार्टिन यांनी संसदेत राज्याच्या वतीने माफी मागितली. त्यानंतर २०२३ चा कायदा झाला आणि मार्च २०२४ मध्ये ही योजना सुरू झाली. तिच्यात रक्कम मुक्कामाच्या काळावर ठरते. काय सोसले, हे कोणी विचारत नाही. यामुळे स्त्रियांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागत नाही हे चांगलेच आहे, पण यामुळेच मिळालेला आकडा पाहून ‘माझ्या चौदा महिन्यांची एवढी किंमत’ असे वाटून मन कडू होणेही स्वाभाविक आहे. त्या भावनेतून त्यांनी पैसे नाकारले, तर तो निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. फक्त तो चुकीच्या हिशेबातून होऊ नये.

कर्जात पैसे भरण्याच्या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. मुलाला दिलेली मोठी भेट म्हणजे लाभ टिकवण्यासाठी संपत्ती दूर केली, असे पेन्शन सेवा मानू शकते. मग हातात नसलेली रक्कम आहे असे समजून हिशेब होईल, म्हणजे पैसेही गेले आणि क्रेडिटही घटले. पुढेमागे वृद्धाश्रमाच्या खर्चाचा प्रश्न आला, तर कौन्सिलही हीच तपासणी करते. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांवर बचत असेल, तर तो खर्च स्वतःच करावा लागतो, हेही वर्षभरात बचत खाली आणण्याचे एक कारण आहे. शिवाय ही रक्कम एका स्त्रीच्या बळजबरीने घेतलेल्या श्रमांची आहे. ती तिच्या मुलाच्या हप्त्यात जिरवणे मला योग्य वाटत नाही.

नाशिकच्या मुदत ठेवीचे उत्तर सोपे आहे. अनिवासी भारतीयांसाठीची खाती अनिवासी भारतीय आणि भारतीय वंशाच्या व्यक्ती यांच्यासाठी असतात. सासूबाई या दोन्हींत बसत नाहीत. ठेव तुमच्या किंवा भावाच्या नावावर करावी लागेल आणि मग ती पुन्हा भेटच ठरेल. त्याऐवजी ब्रिटनमधील कोणत्याही बिल्डिंग सोसायटीत (ही तेथील बँकेसारखी बचतसंस्था), हवे तेव्हा काढता येतील अशा साध्या बचत खात्यात पैसे ठेवा. शेअर बाजाराशी जोडलेले काहीही या वयात आणि या हेतूसाठी नको.

येथे एक जुनी योजना आठवते. आयर्लंडमधील मॅग्डलेन धुलाईघरांत, म्हणजे जोगिणींच्या संस्थांत, विनामोबदला राबवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी २०१३ मध्ये न्यायमूर्ती जॉन क्वर्क यांनी जी रचना सुचवली, तिच्यात ११,५०० पासून १,००,००० युरोंपर्यंत रक्कम होती, पण ५०,००० पुढचा भाग एकदम न देता दर आठवड्याला द्यायचा होता. पैसे एकदम आले की त्यांच्याभोवती माणसे जमतात, हे त्यांनी ओळखले असावे. सासूबाईंना तशी सोय नाही. तुम्ही ती घरीच करू शकता. मोठ्या खर्चांसाठी आठ हजार पौंड वेगळे काढल्यावर उरलेल्यातून दरमहा १२५ पौंड त्यांच्या रोजच्या खात्यात आपोआप वळते करा. पेन्शन क्रेडिटमधील घट तेवढ्याने भरून निघेल आणि वरती थोडे उरतील.

तुमच्या पत्रात एका व्यक्तीचा उल्लेख ओझरता आला आहे. दत्तक गेलेली मुलगी सहा वर्षांपूर्वी लिमरिकमध्ये सासूबाईंना भेटली, असे तुम्ही लिहिता. या योजनेत मुलांसाठी किमान १८० दिवसांच्या मुक्कामाची अट आहे. या अटीने हजारो जणांना बाहेर ठेवले आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. पण ही मुलगी अकरा महिने तेथे होती, तेव्हा तिला स्वतःचा अर्ज करता येईल. योजना पाच वर्षांसाठी आहे आणि अर्जाला शुल्क नाही. तिला हे कदाचित माहीत नसेल.

आणि इच्छापत्र. इंग्लंडच्या कायद्यानुसार दत्तक गेलेले अपत्य जन्मदात्या आईचे वारस ठरत नाही. सासूबाई इच्छापत्राविना गेल्या, तर त्यांच्या मागे जे काही उरेल ते तुमच्या यजमानांना मिळेल आणि लिमरिकच्या लेकीचे नाव कोणत्याच कागदावर नसेल. तिला काही द्यावे अशी सासूबाईंची इच्छा आहे का, हे मला ठाऊक नाही. हक्कत्यागाच्या कागदासाठी वकिलाकडे जाल, त्याच दिवशी हा प्रश्नही त्यांनी स्वतः वकिलापुढे मांडावा.