तिसरा अटेम्प्ट आणि तापाची वही

(बीड जिल्ह्यातले एक शिक्षक लिहितात: "मुलगी नीटला दोनदा बसली, एमबीबीएसपुरते मार्क पडले नाहीत. लातूरला तिसऱ्या वर्षाचा ॲडव्हान्स भरलाय. ती हो म्हणते, पण महिन्यापासून धड जेवत नाही, बोलत नाही. डेंग्यूच्या साथीत अभ्यास सोडून गल्लीत कुणाला कधी ताप आला, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, हे वहीत लिहीत बसली. स्टॅटिस्टिक्स करून सार्वजनिक आरोग्यात जाईन म्हणते. आकडे लिहून कुणी मोठं होतं का?")

गुरुजी, मार्कांची मला काळजी वाटली नाही. लेकरू जेवत नाही हे तुम्ही ॲडव्हान्सनंतर लिहिलंत, त्याची वाटली. अशा वेळचा "हो" बहुतेकदा घरात आणखी वाद नको म्हणून आलेला असतो. वर्गातलं पोर महिनाभर असं गप्प राहिलं असतं तर तुम्ही त्याच्या बापाला बोलावून घेतलं असतं. आधी तिला डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही मोफत आहे. करिअर महिनाभर थांबेल.

आता ती वही. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत, मला मात्र पत्रात तेवढंच वाचून बरं वाटलं. पाण्याचा दिवस टिपला म्हणजे पोरीनं नेमकं धरलंय! आठव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात दारोदार ड्रम भरलेले, आणि डेंग्यूचा डास वाढतो तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. अंडी ड्रमच्या आतल्या कडेला चिकटतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, ड्रम घासावा लागतो. डास चावल्यावर ताप यायला आणखी चार ते दहा दिवस. म्हणजे आज दवाखान्यात आलेल्या रुग्णाला डास चावला तो गेल्या आठवड्यात. आज कुठल्या गल्लीतले ड्रम तपासायचे, हे तारीख आणि घर लिहिलेल्या अशाच वहीवरून ठरतं.

"आकडे लिहिणं" म्हणजे डेटा एंट्री, हा गैरसमज मात्र काढून टाका. दोन गावांत 20-20 रुग्ण. एकाची वस्ती 1,000, दुसऱ्याची 10,000. आधी कुठं धावायचं? आकडा अचानक घसरला, तो साथ ओसरली म्हणून, की तपासणीचे किट संपले म्हणून? खासगी दवाखान्यातले रुग्ण मोजलेत का? देशात रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम 2004 पासून आहे, उपकेंद्रापासून लॅबपर्यंत माहिती जमा होते. त्या माहितीला असे प्रश्न विचारणारं माणूस लागतं, आणि ते एमबीबीएसच असलं पाहिजे असं नाही.

बारावीला गणित असेल तर बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, पुढं मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याच्या आकड्यांचं शास्त्र) किंवा टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. जिल्ह्यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी आहेत, सुरुवातीचा पगार तुमच्यापेक्षा कमीच असेल. तिला हे सांगा, पण भीती घालायला नको.

ॲडव्हान्स परत मिळतो का, विचारून बघा. नाही मिळाला तर सोडून द्या.