एसेक्स हाऊस प्रेसचा माग कसा काढावा: पुष्पिका, यंत्र, खिळे आणि माणसे

प्रश्न थोडक्यात असा: मुद्रणकलेवरच्या प्रबंधासाठी इंग्लंडच्या एसेक्स हाऊस प्रेसचा इतिहास लिहायचा आहे आणि त्या छापखान्याचे एक पुस्तक हाताशी आहे. सुरुवात कुठून करावी? भारतीय कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांचा या छापखान्याशी नेमका संबंध काय? आणि इंग्रज कलावंत-मुद्रक विल्यम मॉरिसचे यंत्र तिथे होते हे खरे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. यंत्र होते, खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, नव्हते. मॉरिस ऑक्टोबर १८९६ मध्ये वारले आणि त्यांचा केल्म्स्कॉट प्रेस मार्च १८९८ मध्ये बंद झाला. एसेक्स हाऊस प्रेस काढणारे सी. आर. अ‍ॅशबी यांनी तिथली अल्बियन बनावटीची हातयंत्रे घेतली आणि तिथली काही माणसेही कामावर घेतली. खिळ्यांची जुळणी करणारे (जुळारी) थॉमस बिनिंग हे त्यांतले महत्त्वाचे नाव. मॉरिसच्या गोल्डन, ट्रॉय आणि चॉसर या तिन्ही टाईपांचे खिळे मात्र विश्वस्तांनी स्वतःकडे ठेवले. लाकडी ठसे ब्रिटिश म्युझियममध्ये गेले, तेही शंभर वर्षे त्यांवरून काही छापायचे नाही या अटीवर. त्यामुळे एसेक्स हाऊसचे पुस्तक 'मॉरिसच्या टाईपात' छापलेले आहे असे कुठल्या विक्रेत्याच्या यादीत दिसले, तर ती यादी तिथेच बाजूला ठेवा.

आता सुरुवातीबद्दल. अशा छापखान्याचा इतिहास लिहिताना सगळ्यात मोठा घोळ होतो तो नाव, जागा आणि यंत्र ही एकच गोष्ट समजल्यामुळे. एसेक्स हाऊस प्रेस हे नाव तीन जागी नांदले. १८९८ ते १९०२ लंडनच्या पूर्व भागात, माइल एंड रोडवरच्या एसेक्स हाऊस या वास्तूत. १९०२ पासून ग्लॉस्टरशरमधल्या चिपिंग कॅम्पडेन गावी, जुन्या रेशीम गिरणीत, कारण अ‍ॅशबींच्या गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट या कारागिरांच्या संघाने सगळा पसाराच तिकडे हलवला होता. आणि १९०७ पासून शेजारच्या ब्रॉड कॅम्पडेनच्या नॉर्मन चॅपलमध्ये, म्हणजे कुमारस्वामींच्या घरी. नाव तेच, पण मालक, पैसा आणि कामगार तिन्ही ठिकाणी तेच होते असे नाही. म्हणून पहिल्याच दिवशी एक तक्ता आखा: पुस्तक, पुष्पिकेतली (पुस्तकाच्या शेवटी असलेल्या छपाईच्या नोंदीतली) जागा, पुष्पिकेतली तारीख, टाईप, कागद, प्रतींची संख्या. सत्तरहून अधिक पुस्तके या नावाने निघाली. तेवढ्या ओळी भरल्या की छापखान्याचे स्थलांतर आपोआप दिसू लागते.

पुष्पिका हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. आपल्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिकाचे नाव, स्थळ आणि तिथी असते, तीच जुनी रीत मॉरिस आणि त्यांच्या मागून आलेल्या छापखान्यांनी युरोपातल्या सुरुवातीच्या छापील पुस्तकांवरून उचलली. ती वाचताना एक काळजी घ्या. पुष्पिकेतली तारीख छपाई संपल्याची असते, पुस्तक बाजारात आल्याची नव्हे. केल्म्स्कॉटच्या चॉसरची, म्हणजे त्या जुन्या इंग्रज कवीच्या ग्रंथाची, छपाई संपली ८ मे १८९६ ला आणि पुस्तक प्रसिद्ध झाले २६ जूनला. मुखपृष्ठावरचे वर्ष, पुष्पिकेतले वर्ष आणि जाहिरातीतले वर्ष यांत फरक दिसला तर कुठलेच चूक ठरवू नका, तिन्ही तक्त्यात लिहा.

प्रतींच्या आकड्यातही असाच गोंधळ होतो. कागदावरच्या आणि चर्मपत्रावरच्या प्रती वेगळ्या मोजायच्या असतात. चॉसरच्या कागदावर ४२५ आणि चर्मपत्रावर १३. कुमारस्वामींच्या श्रीलंकेच्या कलेवरच्या 'मिडीव्हल सिंहलीज आर्ट' या पुस्तकाच्याही प्रती ४२५ च, आणि छपाई त्याच यंत्रावर. हे दोन आकडे एकमेकांच्या नोंदीत शिरणे अगदी सहज घडू शकते, म्हणून आकडा पुष्पिकेवरूनच घ्या.

कुमारस्वामींचा संबंध याच पुस्तकाशी बांधलेला आहे. श्रीलंकेतले खनिज सर्वेक्षणाचे काम संपवून ते इंग्लंडला परतले. नॉर्मन चॅपल ही पडीक मध्ययुगीन इमारत अ‍ॅशबींनी त्यांच्यासाठी राहती केली. गिल्डचे दिवाळे वाजत असताना छापखाना कुमारस्वामींनी आपल्याकडे घेतला. पुस्तकाच्या पुष्पिकेत सगळे स्वच्छ नोंदवले आहे: छपाई सप्टेंबर १९०७ मध्ये सुरू झाली, डिसेंबर १९०८ मध्ये संपली, सुमारे पंधरा महिने लागले, आणि ती मॉरिस यांनी चॉसर ज्यावर छापला त्या हातयंत्रावर झाली. छायाचित्रे मुख्यतः कुमारस्वामींच्या पत्नी एथेल यांची. पुढे एथेल मॅरे या नावाने हातमागाच्या क्षेत्रात ज्या प्रसिद्ध झाल्या, त्या याच. एथेल यांचे बंधू फ्रेड पार्ट्रिज हे गिल्डमध्ये दागिने घडवत. ही नातीगोती तुमच्या प्रबंधासाठी महत्त्वाची आहेत, कारण छापखाना कुमारस्वामींपर्यंत का पोहोचला हे त्यांतून कळते. भारतीय कलेच्या अभ्यासकांनी आणखी एक धागा धरावा. लंडनच्या इंडिया सोसायटीसाठी कुमारस्वामींनी १९१० मध्ये काढलेला 'इंडियन ड्रॉइंग्ज' हा संचही एसेक्स हाऊस प्रेसच्या नावानेच छापला गेला.

यंत्राचा माग स्वतंत्र काढा. अल्बियनमध्ये दांडा ओढला की गुडघ्यासारखा एक सांधा सरळ होतो आणि कागद दाबणारा सपाट पाटा खाली दाबला जातो. वरच्या टोपीतली स्प्रिंग त्याला परत उचलते. साध्या मजकुराच्या फर्म्याला (एका वेळी छापायच्या पानांच्या जुळणीला) हा दाब पुरतो. चॉसरच्या पानात मात्र जाड वेलबुट्टीच्या चौकटी, चित्रकार बर्न-जोन्स यांची लाकडावर कोरलेली चित्रे आणि ठसठशीत टाईप एकत्र होते. जितका काळा भाग जास्त, तितका दाब जास्त लागतो, आणि बिडाची चौकट तडकण्याची भीती असते. म्हणून त्या यंत्राच्या चौकटीला धातूचे पट्टे घालून बळकटी दिली होती. हे पट्टे आजही दिसतात आणि ओळख पटवायला तेच उपयोगी पडतात. ते यंत्र म्हणजे हॉपकिन्सन अँड कोप यांनी १८९१ मध्ये बनवलेले ६५५१ क्रमांकाचे अल्बियन. १९२४ मध्ये टाईपकार फ्रेडरिक गाउडी यांनी ते अमेरिकेत नेले, २०१३ च्या डिसेंबरात लिलावात २,३३,००० डॉलरला विकले गेले, आणि आता रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कॅरी संग्रहात आहे. केल्म्स्कॉटमध्ये अल्बियन एकाहून अधिक होती, हे विसरू नका. 'मॉरिसचे यंत्र' एवढा उल्लेख कुठे सापडला तर क्रमांक, बनवणाऱ्याची पाटी किंवा पट्टे यांपैकी एखादा पुरावा मिळेपर्यंत ते हेच यंत्र असे लिहू नका. १९१० ते १९२४ हा तुकडा तर कागदपत्रांतून वेगळा जोडावा लागेल.

टाईप ओळखणे भारतात बसूनही जमते. सुरुवातीची पुस्तके कॅझलॉन टाईपात आहेत. १९०१ मध्ये अ‍ॅशबींनी स्वतः आखलेला एंडेव्हर टाईप आला. तो ज्या पुस्तकात प्रथम वापरला त्याच्या नावातल्या पहिल्या ठळक शब्दावरून त्याचे नाव पडले. पंच, म्हणजे अक्षरांचे मूळ धातूचे ठसे, कोरले एडवर्ड प्रिन्स यांनी, ज्यांनी मॉरिसचेही टाईप कोरले होते. राजा सातव्या एडवर्डच्या प्रार्थनापुस्तकासाठी १९०३ मध्ये त्याच घडणीचा मोठा टाईप आला. मोजताना पहिल्या ओळीच्या पायरेषेपासून एकविसाव्या ओळीच्या पायरेषेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, म्हणजे वीस ओळींचे माप मिळते. इथे दोन चुका होतात. ओळींमध्ये लेड (धातूची पातळ पट्टी) घातले असेल तर माप वाढते आणि टाईप मोठा असल्याचा भास होतो, म्हणून मोठ्या अक्षराची उंचीही वेगळी मोजा. दुसरे म्हणजे हातकागद ओला करून छापत आणि वाळताना तो आकसतो, तोही सगळीकडे सारखा नाही. एकाच पुस्तकातल्या दोन पानांत मिलिमीटरभर फरक सहज पडतो. निदान पाच पाने मोजा आणि किमान, कमाल दोन्ही लिहा.

हातातली प्रत अस्सल छपाईची की नंतरची नक्कल, हे पाहायला दहापट भिंग आणि एक टॉर्च पुरे. टॉर्च पानाला जवळजवळ समांतर धरा. खिळ्यांनी छापलेल्या पानाच्या मागच्या बाजूला अक्षरांचे उठाव दिसतात. भिंगाखाली अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन तयार झालेली गडद किनार दिसते. ऑफसेटच्या नकलेत कागद सपाट असतो आणि ही किनार नसते. मग पान उजेडासमोर धरून कागदातल्या साखळीरेषा, म्हणजे कागद बनवण्याच्या साच्यातल्या तारांच्या खुणा, पाहा. क्वार्टोत, म्हणजे ताव दोनदा दुमडलेला असेल तर, त्या आडव्या जातात आणि जलचिन्ह शिवणीत अडकते. त्यामुळे अर्धेच दिसते आणि पुष्कळजण ते नाहीच असे समजतात. तुलनेसाठी केल्म्स्कॉटचा कागद चांगला: केंटमधल्या लिटल चार्टच्या जोसेफ बॅचेलर यांनी बनवलेला, फूल, पर्च मासा आणि सफरचंद या जलचिन्हांचा. चर्मपत्राच्या बांधणीवर दिव्याची उष्णता पडू देऊ नका. पावसाळी हवेत ती आधीच वाकलेली असते.

माणसांचा शोध सगळ्यात अवघड, आणि त्याचे कारण साधे आहे. ब्रिटनची खानेसुमारी दर दहा वर्षांनी झाली: ३१ मार्च १९०१ आणि २ एप्रिल १९११. गिल्ड कॅम्पडेनला गेले १९०२ मध्ये, कुटुंबे धरून सुमारे १५० माणसे. छापखाना बंद झाला १९१० मध्ये. म्हणजे कॅम्पडेनचा सगळा काळ दोन खानेसुमाऱ्यांच्या मधल्या फटीत पडला. १९०१ च्या यादीत तुमचा जुळारी लंडनच्या पूर्व भागातच सापडेल. १९११ मध्ये तो कॅम्पडेनला दिसला नाही तर तो तिथे गेलाच नव्हता असा निष्कर्ष काढू नका. ती फट भरायची ती मतदार याद्या, चर्चच्या जन्म-विवाह नोंदवह्या आणि स्थानिक वर्तमानपत्रे यांतून. लंडनमधल्या जुळाऱ्यांसाठी लंडन सोसायटी ऑफ कंपोझिटर्स या कामगार संघटनेची दप्तरे वॉरिक विद्यापीठाच्या मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमध्ये आहेत. पण त्या संघटनेत जुळारीच असत. यंत्र ओढणाऱ्यांची नावे तिथे शोधून वेळ घालवू नका.

अ‍ॅशबींच्या रोजनिशा केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये आहेत आणि त्यांत पत्नी जॅनेट यांच्याही नोंदी आहेत. गावातली रोजची घडामोड, कोण रुसले, कोण सोडून गेले, हे तिथेच मिळते. उतरत्या वयात अ‍ॅशबींनी या रोजनिशांवरून टंकलिखित आठवणी तयार केल्या, त्यांची प्रत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या ग्रंथालयात आहे. दोन्ही ताडून पाहा, कारण आठवणी गाळून लिहिलेल्या आहेत. छापखान्याची पुस्तकयादी अ‍ॅशबींनी स्वतः १९०९ मध्ये छापली. ती पायाभूत आहे, पण छापखाना मोडकळीला आला असताना तो काढणाऱ्यानेच लिहिलेली आहे. तारखांसाठी घ्या, कारणांसाठी नको. गिल्ड १८९८ मध्ये मर्यादित कंपनी झाले होते, म्हणून पैशाची बाजू लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या बीटी ३१ या बंद कंपन्यांच्या मालिकेत शोधा. त्या मालिकेतल्या सगळ्या फाइली टिकलेल्या नाहीत, तेव्हा क्रमांक आधी ऑनलाइन सूचीत पाहा. कॅम्पडेनचे कोर्ट बार्न संग्रहालय आणि लंडनचे सेंट ब्राइड ग्रंथालय यांनाही लिहा. सेंट ब्राइडकडे मुद्रणाविषयीचा फार मोठा संग्रह आहे.

या संस्थांना पत्र लिहिताना 'एसेक्स हाऊसविषयी जे असेल ते' असे मागू नका. 'रोजनिशीतला जानेवारी ते जून १९०२ चा भाग' असे मागितले की पाने मोजून खर्च कळवता येतो. पुस्तकांबरोबर छापखान्याने काढलेली पत्रके, कार्यक्रमपत्रिका आणि गिल्डच्या मालाच्या याद्याही मागा. त्यांवर तारखा असतात आणि एखादा टाईप कुठल्या महिन्यात वापरात होता ते पुस्तकांपेक्षा त्यांतून नेमके कळते.

प्रबंध छापणार असाल तर हक्कांचे आत्ताच पाहून ठेवा. अ‍ॅशबी १९४२ मध्ये वारले, त्यामुळे त्यांची छापील पुस्तके ब्रिटनमध्ये मुक्त आहेत. रोजनिशीचा अप्रकाशित भाग तसा नाही. ब्रिटिश कायद्यात अशा जुन्या अप्रकाशित लिखाणाचा हक्क २०३९ अखेरपर्यंत चालतो. अभ्यासासाठी प्रत मिळेल, पण लांब उतारे छापायला लेखी परवानगी लागेल.

तुमच्या प्रतीची पुष्पिका, एक भरगच्च मजकुराचे पान आणि उजेडासमोर धरलेले एक कोरे पान, असे तीन फोटो इथे टाका. फ्लॅश नको, मोजपट्टी पानाला लागून फोटोत असू द्या, आणि कॅमेरा पानाच्या बरोबर वर धरा, नाहीतर वीस ओळींचे माप तिरपे येईल. त्यावरून टाईप कोणता आणि तीनपैकी कुठल्या जागेचे काम आहे ते सांगता येईल.