खो-खोमध्ये तरबेज आणि नवखे एकत्र असतील तर डाव रंगतदार कसा करायचा?

सोसायटीत दहा वर्षांच्या पोरांपासून चाळिशीतल्या बाप्यांपर्यंत सगळे खो-खोला उतरतात, पण शाळेच्या संघातून खेळलेले तिघे-चौघेच डाव खातात आणि बाकीचे कंटाळून घरी जातात, असं तुम्ही लिहिलंय. मी आमच्या इथल्या मुलांचा खो-खो घेतो, त्यावरून सांगतो.

चांगल्यांना ‘जरा हळू खेळ’ असं सांगू नका. त्यांची मजा जाते, आणि आपल्याला मुद्दाम सोडलं हे नवख्यालाही लगेच कळतं.

आधी संघ नीट पाडा. जुनी पद्धत उत्तम: सारख्या ताकदीच्या दोघांनी जोडी करायची, लांब जाऊन ‘चंद्र’, ‘सूर्य’ अशी नावं घेऊन यायचं आणि कर्णधाराने न बघता एक मागायचं. वशिलेबाजीला जागाच उरत नाही.

आता पाठलाग. एकदा दिशा घेतली की पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, दोन खुंटांमधली मधली पाटीही ओलांडता येत नाही. पळणारा मात्र दोन्ही बाजूंना मोकळा. त्यामुळे नवखा उठला की मुरलेला गडी नुसती हूल देऊन पलीकडे जातो. म्हणून नवख्यांना कुठल्याही दिशेने पळायची मुभा द्या. 2022 साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये ‘वझीर’ला हीच सूट असते. तिथे ती चपळ गड्याच्या हाती देतात, आपण उलट करायचं. आमच्याकडे पोरं ‘आज मी वझीर’ म्हणून भांडतात. आपल्याला सवलत मिळतेय असं कुणाच्या मनातही येत नाही. खुंटाजवळ मात्र सूर मारता येणाराच बसवा.

खरी गोची बाद होण्यात आहे. कच्चा गडी पहिल्या झटक्यात बाद होतो आणि सगळ्यात जास्त वेळ बाहेर बसतो, म्हणजे ज्याला सरावाची गरज त्यालाच तो मिळत नाही. पळणाऱ्यांच्या तिघांच्या तुकडीत एक पक्का, एक मधला, एक नवखा असं ठेवा. नवख्याला एक जीवदान द्या. पाळी 9 मिनिटांची न ठेवता 4-5 मिनिटांची करा, म्हणजे वाट बघणं कमी होतं. आणि पेपरात खो-खोच्या बातमीत प्रत्येकाच्या संरक्षणाची वेळ देतात, तशी घड्याळ लावून लिहून ठेवा. मागच्या रविवारी 15 सेकंद टिकलेली मुलगी या रविवारी 25 टिकली तर तिच्या संघाला एक जादा गुण.

‘लिंबूटिंबू’ फक्त अगदी चिमुरड्यांसाठी राखून ठेवा. दहा वर्षांच्या पोराला तसं म्हटलंत तर तो पुन्हा मैदानात फिरकणार नाही.

कबड्डीला यातलं काही लावू नका. तिथे प्रश्न वजनाचा आहे. मोठ्यांनी लहानांची पकड करायचीच नाही, सरळ वेगळे गट करा.