सीमेवरून धाकट्याला

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

टीव्ही दिवसभर चालू असला की आईचा जीव टांगणीला लागतो. सकाळ-संध्याकाळ एकेकदा बातम्या लाव, मग बंद कर. इकडे हालचाल सुरू झाली की फोन बंद ठेवावे लागतात. आठ-दहा दिवस माझा आवाज आला नाही म्हणजे काही वाईट घडलं असं नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेव. फोन लागेनासा झाल्यावर सांगितलंस तर तिला ते पटणार नाही.

माझ्याबद्दल कुणी विचारलं तर ‘ड्यूटीवर आहे’ एवढंच. युनिट, ठिकाण, रजेची तारीख, कुठल्या गाडीनं गेलो, यातलं काही बोलू नको. विचारणारा पारावरचा असो की फोनवर स्वतःला साहेब म्हणवणारा. शत्रूला एकाच माणसाकडून सगळं मिळत नाही. एका घरातून युनिटचं नाव, दुसऱ्यातून तारीख, तिसऱ्याच्या स्टेटसवरून स्टेशन, अशी जुळणी होते. माझा वर्दीतला डीपीही काढ. खांद्यावरच्या पट्टीवरून आणि मागच्या डोंगरावरून जाणत्याला पुष्कळ कळतं.

‘भाऊ जखमी आहे, पैसे पाठवा’ असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नको. जखमी जवानाच्या उपचाराला घरून पैसे मागत नाहीत, आणि खरी खबर युनिट किंवा रेकॉर्ड ऑफिसकडून येते. फोनचा नंबर लिहून घे आणि सोलापूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी कर.

आता रान. ज्वारीची पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या महिन्यातच उरक. उशीर झाला की खोडमाशी लागते, पोंगे (ताटाचे मधले कोवळे शेंडे) मरतात, आणि दाणा भरायच्या वेळी ओल संपलेली असते. मळईच्या मध्यम रानात मालदांडी 35-1 हे वाण चालेल, खालच्या भारी काळ्यात फुले वसुधा घे. माळाच्या हलक्या तुकड्यात फुले अनुराधाच टाक. तिथं मालदांडी पोसत नाही. एकरी 4 किलो बी पुरतं. दाट पेरली तर प्रत्येक ताटाच्या वाट्याची ओल कमी होते आणि कणसं बारीक राहतात. किलोला 4 ग्रॅम गंधक, 300 मेशचं म्हणजे अगदी बारीक पूड, चोळूनच पेर, नाहीतर काणी येते, कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते. हे काम अर्ध्या तासाचं आहे, तरी घाईत हमखास तेच राहून जातं.

दोन ओळींत दीड फूट ठेव. मध्यम रानाला एकरी एक पोतं सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाऊण पोतं युरिया, दोन चाड्याच्या पाभरीनं (एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत) बियाबरोबरच दे. कोरडवाहूला मागून वर टाकलेला युरिया वाया जातो, कारण तो मुळापर्यंत न्यायला पाणीच नसतं. ओळींमधली माती हलवायला तिसऱ्या आठवड्यात फटीचा कोळपा, पाचव्यात अखंड पासेचा, आठव्यात दातेरी. तिसरी कोळपणी लोक टाळतात, तण नाही म्हणतात. ती तणासाठी नसतेच; काळ्या रानाला भेगा पडतात त्या बुजवून ओल धरायला असते. ती चुकवू नको, मजूर महाग पडला तरी. ई-पीक पाहणीही, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, मुदतीत कर, नाहीतर सातबाऱ्यावर रान पडीक दिसेल.

बांधावरून शेजारचे कुरबुर करतील. मी घरी नाही हे त्यांना माहीत आहे. हमरीतुमरीवर येऊ नको, रीतसर मोजणीचा अर्ज दे. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीत बदल करण्याची, नोटीस आली तर हरकतीला 15 दिवस मिळतात. नोटीस कोनाड्यात ठेवून विसरू नको, लगेच मला कळव. कोर्टाचं समन्स आलं तर वकिलाला 1925 चा भारतीय सैनिक वादविषयक कायदा दाखव. युद्धकाळात किंवा विशेष परिस्थितीत तैनात असलेल्या सैनिकाविरुद्धचं कामकाज थांबवायची सोय त्यात आहे, पण कोर्टाला कळवावं लागतं, आपोआप काही होत नाही. आमच्या कमांडिंग ऑफिसरांचं पत्र मी इकडून पाठवीन. कोऱ्या कागदावर मात्र आईचा अंगठा कुणालाही घेऊ देऊ नको, मामा म्हणाले तरी.

पत्रावर नंबर, हुद्दा, नाव, युनिट, ‘द्वारा 56 एपीओ’ (सैन्याचं टपाल कार्यालय) आणि 9 नं सुरू होणारा पिन, एवढंच लिही. गावाचं किंवा राज्याचं नाव घालायचं नाही. पार्सलात कडक भाकरी पाठव, पण तव्यावरून काढल्यावर पूर्ण वाळव. मध्ये ओल राहिली तर वाटेतच बुरशी धरते. शेंगाचटणीला तेल सुटतं, म्हणून दोन पिशव्यांत बांध आणि भाकरीपासून वेगळी ठेव. धपाटे नको, टिकत नाहीत.

पेरणी झाली की कुठल्या तुकड्यात कुठलं बी पडलं आणि ओल किती खोल लागली ते लिही.

तुझा,
दादा