बँक पीओच्या (प्रोबेशनरी ऑफिसर, म्हणजे बँकेतला नवा अधिकारी) परीक्षेतल्या इंग्रजीची तयारी कशी करायची? मराठी माध्यमातून शिकलोय.

मी पण मराठी माध्यमातलाच, त्यामुळे ही भीती चांगली माहितीये. आयबीपीएस ही संस्था घेते त्या पीओ परीक्षेच्या प्रिलिम्सला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, इंग्रजीचे 30 प्रश्न असतात आणि वेळ फक्त 20 मिनिटं, वर चुकलं की पाव मार्क जातो, आणि या सेक्शनचा कटऑफ (पुढे जायला लागणारे किमान मार्क) वेगळा लागतो म्हणजे गणितात कितीही मार्क पडले तरी इंग्रजी सोडून चालत नाही.

आधी व्याकरण पक्कं करा, कारण त्याचे मार्क सगळ्यात लवकर हातात येतात. उदा. 'इच ऑफ द बॉइज हॅव' हे कानाला बरोबर वाटतं कारण शेजारी 'बॉइज' आहे, पण कर्ता 'इच' आहे म्हणून 'हॅज' येणार. एरर शोधताना मधला 'ऑफ द बॉइज' बोटाने झाकून वाक्य वाचा, चूक लगेच दिसते. एरर स्पॉटिंगमध्ये ही युक्ती खरंच खूप कामी येते.

उतारा वाचायची सवय मात्र महिन्याभरात लागत नाही हो, रोज इंग्रजी पेपरचा एक अग्रलेख आणि एक अर्थविषयक बातमी वाचायचीच, नवीन शब्द सुटा पाठ न करता त्याच्या वाक्यासकट वहीत लिहायचा. डिक्शनरी वाचून झाल्यावर उघडा, मध्येच नको.

मेन्सला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला, इंग्रजीत लेखनाची उत्तरं टाईप करावी लागतात, त्यामुळे कीबोर्डवर हात आत्तापासूनच बसवा. मॉक (सराव परीक्षा) देताना घड्याळ लावूनच द्या, आणि चुकलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी परत सोडवा.