जोखीम की धोका?

तुमचा प्रश्न असा की तरुणांमधले उद्योजकाचे गुण मोजणारी प्रश्नावली मराठीत करताय, तर 'रिस्क घेण्याची वृत्ती' याला काय म्हणायचं, आणि गुण 'उद्योजकीय' म्हणायचे की 'उद्योगशील'.

दुसरं नंतर बघू, कारण पहिल्यावरून माझं डोकं आधीच फिरलंय. हल्ली उठसूट 'धोका घेणे'. अहो, धोका असतो, टळतो, फार तर पत्करतात, आणि दिला तर तो दगा! 'मला धोका घ्यायला आवडतं' यापुढे 'पूर्ण सहमत'वर टिक मारणारं पोर उद्योजक नव्हे, रॉंग साइडने गाडी घालणारं निघायचं.

शब्द आहे जोखीम. आणि ही आली कुठून, तर योगक्षेम! हो, गीतेत देव जो वाहतो म्हणतो तोच. योग म्हणजे नसलेलं मिळवणं, क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं. टर्नर या भाषाशास्त्रज्ञाच्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात ही व्युत्पत्ती आहे, तरी 'जोखणे'वरून जोखीम असं छातीठोक सांगणारे भेटतातच, त्यांना फक्त सारखा आवाज ऐकू येतो, अर्थाचा प्रवास दिसत नाही. दुसऱ्याच्या मालाच्या क्षेमाची हमी घेतली की नुकसानही आपल्याच अंगावर येतं ना, तिथेच अर्थ उलटला असं माझं मत. जुन्या व्यापारातली जोखमी हुंडी बघा, म्हणजे पैसे देण्याची चिठ्ठी: जहाजावरचा माल सुखरूप पोचला तरच पैसे मिळायचे, बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचे बुडाले. आणि जुनी माणसं अंगावर दागिने असले की 'जोखीम आहे बरोबर' म्हणायची, म्हणजे जपायची वस्तू तीच जोखीम! वर गंमत म्हणजे योग आणि उद्योग दोन्ही 'युज्' धातूचे, म्हणजे उद्योजक आणि जोखीम मुळातच भाऊबंद.

मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञाने मुलांना खुंटीवर कड्या फेकायला लावलं होतं, अंतर ज्याचं त्याने ठरवायचं. यशाची आस जास्त असलेली मुलं अगदी जवळून फेकत नव्हती की फार लांबूनही नाही, मधलं अंतर धरत होती, जमेल पण सहज नाही असं. याला धोका म्हणणार?

हां, ते दुसरं. 'उद्योजकीय'च लिहा. उद्योगशील म्हणजे नुसता कामसू, आणि 'उद्योगी' तर नकोच, नसते उद्योग करणारेही त्यात येतात.