थायरॉइडची गोळी आणि सकाळचा चहा

प्रश्न : माझं वय ४१. सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते, घरी शाळेचे गणवेश शिवते. थकवा, केस गळणं, पाळीत जास्त जाणं. उन्हाळ्यातसुद्धा अंगावर चादर लागते. थायरॉइडसाठी रक्त तपासलं, त्यात टीएसएच १८ निघाला, थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू केली. तीन महिन्यांनी ११. गोळी चहाबरोबर घेते, सोबत रक्तवाढीचीही. शेजारच्या काकू म्हणतात, कोबी सोड आणि गोळीऐवजी काढा घे. काय करू?

उत्तर : ताई, गोळी बंद करू नका. काढा काकूंनाच पिऊ द्या.

पारा बेचाळिशीला टेकलेला असताना चादर ओढणारी बाई दवाखान्यात आली की मी आधी तिची मान बघतो. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी तिला हाकण्यासाठी टीएसएच हे संप्रेरक जास्त सोडते. माग ढिला पडला की मुकादमाचा आवाज चढतो ना, तसंच. म्हणून टीएसएच जास्त, म्हणजे थायरॉइड कमी. पाळीत जास्त जाण्याचं कारणही हेच असू शकतं, आणि त्यातूनच तुमचं रक्त कमी झालं असेल.

आता खरी गोम. रक्तवाढीची, म्हणजे लोहाची गोळी पोटात थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, धरून ठेवते, ते रक्तात नीट उतरतच नाही. चहाही आडवा येतो. म्हणजे ५० घेताय, पण अंगी किती लागतं देव जाणे. उठल्याबरोबर उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर गोळी घ्या. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोह किंवा कॅल्शियम चार तासांनी. दुपारी जेवल्यावर घेतलंत तरी चालेल. डोस वाढवायचा का, हे तुमचे डॉक्टर ठरवतील, पण चहाचं आणि लोहाचं त्यांच्या कानावर घालाच. वेळ सुधारल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. दर पंधरवड्याला करून पैसे घालवू नका, तो इतक्या लवकर हलत नाही.

बाटली कुठे ठेवता? पत्र्याच्या घरात गॅसशेजारच्या फळीवर असेल तर आजच हलवा. उष्णतेनं औषधाचा जोर कमी होतो. घरातला थंड, कोरडा, अंधारा कोपरा बघा.

कोबी शिजवून, रोजच्या भाजीइतका खुशाल खा. मीठ आयोडीनयुक्तच वापरा. छातीत धडधड वाढली किंवा दिवस गेले, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. आणि टीएसएचसाठी जाल त्या सकाळी गोळी रक्त दिल्यावर घ्या.